सुतारमामा, त्या साठ भोकांच्या ठोकळ्यासाठी मनापासून आभार

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी लेकीची रायफल नेमबाजीची मॅच झाली. साठच्या साठ गोळ्या तिनं तुमच्या ठोकळ्यातून उचलल्या, एकही खाली पडली नाही. घरात पाऊल टाकताच म्हणाली, "आई, आधी मामांना कळव." फोनवर बोलून माझं समाधान होईना, म्हणून हे पत्र. आपल्या कोल्हापुरात असं काम करणारा माणूस आहे हे चार लोकांनाही कळू दे.

रायफलच्या गोळ्यांसाठी लाकडी ठोकळा हवा म्हटल्यावर दोन ठिकाणी मला दारातूनच परत पाठवलं होतं. तुम्ही हातातला रंधा बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "स्वप्नील खेळतो तेच का हे?" तेच, मामा. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसहून ज्यात कांस्यपदक आणलं, तोच प्रकार. ५० मीटर अंतर. गुडघ्यावर बसून २०, पालथं झोपून २० आणि उभ्यानं २० गोळ्या.

तुमचा पुढचा प्रश्न होता, "पोरगी गोळी उचलते कशी?" त्याचं उत्तर मला देता येईना. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिलाच बोलावून घेतलंत आणि फळीत ठोकलेले खिळे चिमटीनं उपटायला लावलेत. गोळ्यांच्या डब्यातला प्लॅस्टिकचा ट्रे हलका, भोकं दाटीवाटीची. एक गोळी उचलताना ट्रेच वर यायचा. तिची चिमूट बघून तुम्ही दोन भोकांच्या मध्यांत १३ मिलिमीटर ठेवलेत. आणि दर दोन ओळींनंतर बोटभर मोकळी पट्टी सोडलीत. एक पट्टी म्हणजे एक पोझिशन संपली. आता ती आकडे मोजत बसत नाही, बोटालाच कळतं.

पहिला ठोकळा बिघडला तो माझ्यामुळे. जिवंत काडतूस दुकानात आणता येत नव्हतं, म्हणून मी रिकामी पुंगळी, म्हणजे उडालेल्या गोळीचं मागं उरलेलं कवच, दिली. पुंगळी जेमतेम १५-१६ मिलिमीटर, तर .२२ ची अख्खी गोळी २५ च्या घरात. तुम्ही २० खोल भोकं पाडलीत आणि क्लबात गोळ्या टोकावर उभ्या राहून डुलायला लागल्या. मी ओशाळून परत आले. तुम्ही चकार शब्द बोलला नाहीत. जुन्या वाड्याच्या तुळईचा जपून ठेवलेला सागाचा तुकडा काढलात. "हा आता पावसाळ्यातही हलायचा नाही," म्हणालात. भोकं ६ च्या बिटनं, २८ खोल. आता गोळीची कड भोकाच्या तोंडावर टेकते आणि शिशाचं टोक अधांतरी राहतं. त्या शिशावर वंगण असतं, भुसा लगेच चिकटतो, एवढं मी सांगायचा अवकाश. तुम्ही सायकलच्या पंपानं साठही भोकं एकेक करून फुंकलीत. ते बघताना मला भरून आलं होतं.

ठोकळा ठेवायच्या डब्याला बिजागरी नको, सरकतं झाकणच बरं, हेही तुमचंच. खोबणीत झाकण असं बसलंय की डबा उलटा धरला तरी आपणहून सरकत नाही. पॉलिशचा वास पुरता जाईपर्यंत आत काही ठेवू नका असं बजावलंत, ते आम्ही पाळलं. लाकडाच्या आणि ताज्या पॉलिशच्या वाफेनं शिशावर पांढरी बुरशी आल्यासारखा थर चढतो, हे तिच्या सरांनीही सांगितलं.

दुसऱ्या ठोकळ्याची मजुरी तुम्ही घेतली नाहीत. ती घ्यावीच लागेल, मामा. शनिवारी दोघी येतोय. तिच्या मैत्रिणीलाही असाच ठोकळा हवाय, पण ती डावखुरी आहे. तिचीही चिमूट बघाल ना?

ठोकळ्याच्या तळाला तुम्ही पेन्सिलनं '२८' लिहिलं होतं. पॉलिश पेपर मारताना लेकीनं तेवढं राखून ठेवलंय.

आपली,
नेमबाज पोरीची आई