रफूचा हात आणि पॅराशूटचे कापड

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

शालीवर रफू करणाऱ्या हाताला पॅराशूटचे फाटलेले कापड का सांधता येऊ नये, हा तुझ्या पत्रातला प्रश्न आठवडाभर मनात घोळतो आहे. तुझे रफू मी जवळून पाहिले आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

पॅराशूट घडी करून ज्या पिशवीत ठेवतात, तिच्या जाड कापडाला पडलेले लहानसे भोक रफूने बुजवता येते. उभे धागे भरून त्यांतून आडवे धागे एकाआड एक काढायचे, हे तुला मी काय शिकवणार! कॅनोपीचे, म्हणजे हवा धरणाऱ्या घुमटाचे कापड मात्र वेगळ्या जातीचे असते. एका चौरस मीटरला जेमतेम 37 ग्रॅम भरणाऱ्या या नायलॉनमध्ये काही मिलिमीटरच्या अंतराने जाड धाग्यांची चौकट विणलेली असते, आणि फाटत आलेली चीर शक्यतो त्या धाग्यापाशी अडावी एवढ्यासाठीच ती असते. अशा कापडावर दाट रफू केले, तर तेवढाच भाग ताठ होतो. पॅराशूट उघडताना भोवतालचे कापड ताणले जाते, रफू ताणले जात नाही, आणि सगळा जोर त्याच्या कडेवर येतो. म्हणून येथे ठिगळच लावावे लागते.

ठिगळ त्याच प्रकारच्या कापडाचे हवे, कारण त्यातून हवाही शेजारच्या कापडाइतकीच जायला हवी. चीर वेडीवाकडी असली तरी खराब भाग उभ्या-आडव्या धाग्यांच्या रेषेत चौकोनी कापून काढतात, दोन्ही कडा आत दुमडतात म्हणजे कुठेही उघडे सूत राहत नाही, आणि मग नायलॉनच्या दोऱ्याने शिवण घालतात. इंचाला 7 ते 11 टाके पुरतात. तुझ्या हाताला बारीक टाक्यांची सवय आहे, ती येथे मोडावी लागेल: टाके फार जवळ पडले की सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि कापड त्या रांगेवरच फाटते. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडात तर एकदा पडलेले भोक पुन्हा मिटत नाही, म्हणून टाचणीसुद्धा जिथे शिवण येणार तिथेच टोचावी.

हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. माझ्या पहिल्या ठिगळाच्या कडा सुरेख आल्या होत्या, पण त्याचे उभे धागे मूळ कापडाच्या धाग्यांशी जुळत नव्हते, थोडे तिरके बसले होते. उस्तादांनी काही न बोलता ते दोन्ही हातांनी कर्णरेषेत ओढले. एका बाजूला चुण्या पडल्या, दुसरी बाजू तारेसारखी ताणली गेली. सगळे टाके उसवताना कापडावर राहिलेली भोके उजेडासमोर धरून मी मोजली, आणि तो भाग आणखी मोठा कापून नव्याने ठिगळ लावले. तेव्हापासून कापड उजेडात धरून धाग्यांची चौकट जुळल्याशिवाय मी कात्री उचलत नाही.

सुई हातात घेण्याआधी कापडात जीव उरला आहे का, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऊन नायलॉनला आतून खाते आणि वरून काही दिसत नाही. 1980च्या दशकातील काही गोल राखीव पॅराशूटमध्ये तर कॅनोपीला शिवलेल्या जाळीतल्या आम्लाने लगतचे कापड कमकुवत केले होते. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या आम्ल ओळखणाऱ्या रंगद्रवाचा थेंब जाळीवर टाकला की तो पिवळा पडे, आणि मग ते कापड चिमट्यांत धरून ठरावीक जोराने ओढून तपासावे लागे. अशा कापडावरचे ठिगळ कितीही सुबक असले तरी त्याच्या शेजारचे कापडच तुटणार. भोक किती मोठे चालेल आणि शिवणीपासून किती दूर हवे, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती मर्यादा ओलांडली तर कॅनोपीच्या कापडाचा तो पूर्ण पट्टाच बदलतात, आणि हे काम परवाना असलेल्या रिगरनेच, म्हणजे पॅराशूट घडी करणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिरानेच करायचे असते.

आणखी एक फरक तुला जड जाईल. शालीतले रफू दिसले नाही म्हणजे साधले; आमची दुरुस्ती मात्र पुढच्या तपासणाऱ्याला सापडायलाच हवी, म्हणून तिची नोंदही ठेवली जाते.

सोबत बाद झालेल्या कॅनोपीचा एक तुकडा पाठवत आहे. त्यावर दोन ठिगळे आहेत: एक धाग्यांच्या रेषेत, दुसरे मुद्दाम तिरके लावलेले. दोन्ही कर्णरेषेत ओढून पाहा, मग पहिल्याचा एक कोपरा उसवून आतली दुमड कशी बसवली आहे ते बघ, आणि तुझ्या हाताला काय जाणवले ते सविस्तर कळव.

तुझाच,
एक जुना मित्र