कुठे भरायचं, ते तू ठरव

सांगली

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, सीए फर्मने तुला बिटवॉर्डन या पासवर्ड जपून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं खातं दिलंय, क्लायंट लोकांचे सगळे पासवर्ड त्यात आधीच आहेत, आता डोक्याला ताप नाही. मी तेव्हा हो ला हो केलं, कारण हे फोनवर सांगत बसण्यासारखं नव्हतं. पासवर्ड पाठ करायचं काम गेलं, हे खरं. पण कुठला पासवर्ड कुठल्या साइटवर भरला जावा, हे ठरवायचं काम त्याच्या जागी आलंय. आपण ते ठरवलं नाही तर तो प्रोग्रॅम त्याच्या सोयीने ठरवतो, आणि त्याची सोय आपल्या धंद्याला मानवत नाही.

त्याची सोय म्हणजे ‘बेस डोमेन’. काही बदललं नसेल तर बिटवॉर्डन साइटच्या पत्त्याचा फक्त मूळ भाग जुळवून बघतो. पत्ता उजवीकडून वाच. ‘गव्ह डॉट इन’ हे सगळ्या सरकारी खात्यांचं सामाईक शेपूट, ते सोडून द्यायचं. त्याच्या आधीचा एक शब्द धरायचा, की झालं बेस डोमेन. जीएसटी पोर्टलचं लॉगिन ‘सर्व्हिसेस डॉट जीएसटी डॉट गव्ह डॉट इन’वर आहे, ई-इनव्हॉइसचं ‘ईइनव्हॉइस१ डॉट जीएसटी डॉट गव्ह डॉट इन’वर. प्रोग्रॅमच्या लेखी दोन्ही एकच साइट. आपल्याला माहीत आहे की तिथले युजरनेम-पासवर्ड वेगळे असतात. ई-इनव्हॉइसला उलट ई-वे बिलाचंच (माल वाहून नेताना लागणाऱ्या कागदाचं) लॉगिन चालतं, आणि ई-वे बिलाचं पोर्टल आहे ‘ईवेबिलजीएसटी डॉट गव्ह डॉट इन’, म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी तिसऱ्याच कुणाची तरी साइट! जिथे चालत नाही तिथे पासवर्ड पुढे करतो आणि जिथे चालतो तिथे गप्प बसतो. मार्केट यार्डातल्या आपल्या हळदवाल्यांचं काम करताना बघितलं आहेस तू, इनव्हॉइस झाल्याशिवाय गाडी निघत नाही. ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत असताना चुकीचा पासवर्ड दोन-तीनदा गेला आणि खातं लॉक झालं, की मग शेठजींना काय सांगायचं ते तुला सांगावं लागेल, बिटवॉर्डनला नाही.

म्हणून त्या लॉगिनची एंट्री उघडून पत्त्याच्या शेजारचं चाक दाब आणि ‘मॅच डिटेक्शन’मध्ये ‘होस्ट’ निवड. मग पहिल्या तिरप्या रेघेआधीचा पत्ता पूर्ण जुळला तरच ती एंट्री समोर येते. पत्ता मात्र लॉगिनच्या पानावरूनच उचल. मुखपृष्ठाचा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’वाला पत्ता टाकलास तर ‘सर्व्हिसेस’वर काहीच येणार नाही आणि तू म्हणशील आईने बिघडवून ठेवलं. ई-वे बिलाच्या एंट्रीत दोन पत्ते घाल, एक त्याचा स्वतःचा आणि एक ई-इनव्हॉइसचा, दोन्हींना होस्ट. कुणी सुचवेल की सेटिंगमधल्या ‘इक्विव्हॅलंट डोमेन’ने दोन साइट जोडून टाक. ते करू नकोस. तिथे अख्खे डोमेन जोडले जातात, मग जीएसटी पोर्टलचे सगळे पासवर्ड ई-वे बिलावरही दिसायला लागतील आणि गोंधळ दुप्पट.

ऑफिसच्या सर्व्हरवर एकाच आयपीवर दोन-तीन गोष्टी चालत असतील, फक्त पोर्ट वेगळे, तर तिथेही होस्टच. तो पोर्टसुद्धा बघतो. ‘एक्झॅक्ट’ फार हट्टी आहे, पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हापुढे काही शेपूट आलं तरी अडतो. ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नावाचा पर्याय दिसेल, त्यात पत्त्याचा नमुना आपणच लिहायचा असतो, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. पत्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. २०१६ साली मॅथियास कार्लसन या संशोधकाने दाखवलं होतं की स्वतःच्या साइटच्या पत्त्यात पुढे ‘@ट्विटर डॉट कॉम’ घुसवलं की लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड-प्रोग्रॅमचं ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन तिथे ट्विटरचा पासवर्ड भरून देई. ज्यांचा हाच धंदा, त्यांच्या हातून हे झालं. (लगेच दुरुस्तही केलं त्यांनी.)

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. ‘ऑटोफिल ऑन पेज लोड’, म्हणजे पान उघडताच आपोआप भरणं, बंद ठेव. बिटवॉर्डनमध्ये ते मुळात बंदच असतं, पण कुणीतरी सोयीसाठी चालू करतोच. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर पत्ता एकच आणि पॅन शेकडो. पान उघडताक्षणी भरायला सांगितलंस तर शेवटी वापरलेलं लॉगिन भरलं जाईल. म्हणजे पाटलांचं रिटर्न बघायचं आणि भरलंय शहांचं. पॅन दिसतोय म्हणशील, पण जुलैअखेरीला रात्री दहाला पॅन कोण वाचतं? एंट्रीचं नाव क्लायंटच्या नावाने ठेव, यादीतून हाताने निवड. शिवाय तिथे आधी पॅन टाकून कंटिन्यू, मग सिक्युअर ॲक्सेस मेसेजवर टिक, मग पासवर्ड, असा दोन टप्प्यांचा मामला आहे. घाई करणाऱ्या प्रोग्रॅमचा तिथे तसाही गोंधळ उडतो.

आपोआप भरण्यातला खरा धोका मात्र वेगळाच आहे. २०१७ च्या अखेरीस प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की काही साइट्सवर बसलेल्या मागोवा घेणाऱ्या कंपन्यांच्या स्क्रिप्ट पानात एक न दिसणारा लॉगिन फॉर्म टाकत. ब्राउझर तो इमानेइतबारे भरून देई, आणि ईमेल पत्त्यावरून बनवलेली खूण बाहेर जाई. आघाडीच्या दहा लाख साइट्सपैकी १,११० वर अशा स्क्रिप्ट सापडल्या. तिथे पत्ता बरोबरच होता, साइट खरीच होती. म्हणजे पत्ता नीट जुळवूनही भागत नाही, भरण्याआधी आपलं बोट लागलं पाहिजे. बिटवॉर्डनला ‘आता भर’ म्हणून सांगायला कंट्रोल-शिफ्ट-एल दाबायचं, त्याला कितीसा वेळ लागतो?

आणि कधी तो भरणारच नाही. अशा वेळी चिडून व्हॉल्टमधून, म्हणजे बिटवॉर्डनच्या तिजोरीतून, पासवर्ड कॉपी करून चिकटवायचा नाही. रिफंडची मेल आलीय, लिंक उघडली, पान हुबेहूब इन्कम टॅक्सचं, पण एंट्री समोर येत नाही. आधी पत्ता वाच, उजवीकडून. नावात ‘जीएसटी’ किंवा ‘इन्कमटॅक्स’ दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही. प्रोफेशनल टॅक्सचं ‘महाजीएसटी डॉट गव्ह डॉट इन’ अगदी खरं आहे, पण ते राज्याचं, केंद्राच्या पोर्टलचा पासवर्ड तिथे चालत नाही. बँकांच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेनेच पत्ते बदलायला लावले, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर या म्हणून. त्या सुमारास आमच्याकडे रोज कुणीतरी विचारायचं, पासवर्ड का भरला जात नाही. तो प्रोग्रॅम बरोबरच वागत होता, त्याच्या लेखी बँक अनोळखी झाली होती. अशा वेळी जुन्या, माहीत असलेल्या पत्त्यावरून नवीन पत्त्यावर जायचं, खात्री करायची, मग एंट्रीत तो पत्ता वाढवायचा. मेलमधल्या लिंकवरून वाढवायचा नाही.

एक बारीक गोष्ट. ‘या साइटसाठी कधीही नको’ असं बटण दाबलं म्हणजे तिथे काही भरलं जाणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. ते बटण ‘सेव्ह करू का?’ हे विचारणं थांबवतं. एंट्री आधीच असेल तर भरणं चालूच राहतं. एखादी एंट्री कुठेच पुढे यायला नको असेल, उदाहरणार्थ डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा पिन, तर तिच्यात पत्ता घालूच नकोस. आधीच घातलेला असेल तर त्याला ‘नेव्हर’ लाव.

हे इतकं लिहितेय कारण यातला एकही पासवर्ड तुझा नाही. क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर गेली तर चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार होतो. ऑडिटच्या पेपरला पाठ करशीलच, पण आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीच्या, दोन वर्षांत त्याचा अर्थ कळतो.

आणि हे सगळं वाचून उद्याच सेटिंग बदलायला बसू नकोस. फर्मच्या सामाईक कलेक्शनमधल्या एंट्रीत तू होस्ट केलंस की सगळ्यांच्याच स्क्रीनवर ते होस्ट होतं. आधी सीनिअरला विचार, एका क्लायंटवर करून दाखव, पटलं तर बाकीचे.

तुझी,
आई

ता. क. : ऑफिसच्या क्रोममध्ये स्वतःच्या गुगल खात्याने साइन इन केलं असशील तर आजच बाहेर पड आणि क्रोमचं पासवर्ड सेव्ह करणं बंद कर. नाहीतर क्लायंटचे पासवर्ड तुझ्या मोबाइलवर येऊन बसतील. भडंग कुरिअरने पाठवलंय. बाबा विचारतायत, खोलीला गीझर आहे का.