‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आणि इन्सुलिन

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील लेखात ‘ड जीवनसत्त्वामुळे स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होते’ असे विधान आहे. ते सपशेल चूक नसले, तरी अर्धवट आहे, आणि मधुमेही वाचक त्याचा भलताच अर्थ लावू शकतात, म्हणून हे पत्र.

रक्तातील साखर वाढून स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत शिरली, की तिच्यापासून मिळालेल्या ऊर्जेमुळे पेशीच्या आवरणातील पोटॅशियमच्या वाटा मिटतात, कॅल्शियमच्या उघडतात, आणि आत आलेल्या कॅल्शियममुळे साठवून ठेवलेले इन्सुलिन रक्तात सोडले जाते. ‘ड’चा हात मुख्यतः या कॅल्शियमच्या व्यवहारात आहे. बीटा पेशींत त्याचे ग्राही, म्हणजे त्याला ओळखून जोडून घेणारी प्रथिने, असतात. शिवाय एरवी मूत्रपिंडात होणारे त्याचे क्रियाशील रूपांतर या पेशी स्वतःपुरते करू शकतात. १९८० साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ‘ड’ची कमतरता असलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवले, साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉन या संप्रेरकावर मात्र काहीच परिणाम झाला नाही.

येथवर लेखाशी माझे भांडण नाही. परंतु कमतरता भरून काढणे वेगळे आणि भरलेल्या घागरीत पाणी ओतणे वेगळे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ जणांपैकी निम्म्यांना रोज ४,००० युनिट ‘ड’ देऊन सुमारे अडीच वर्षे पाहणी केली गेली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण किंचित कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचा नाही असे म्हणण्याइतका मोठा नव्हता. अर्थात, सहभागी झालेल्या बहुतेकांत मुळात ‘ड’ची कमतरता नव्हती, हेही सांगायला हवे.

माझ्या मावशीने ‘साखर उतरते’ असे ऐकून, आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची पुडी तीन आठवडे रोज रात्री दुधातून घेतली. मळमळ, बद्धकोष्ठ आणि सततची तहान सुरू झाली. तहान साखरेचीच असावी असे आम्ही धरून चाललो होतो. तपासणीत रक्तातील कॅल्शियम वाढलेले निघाले, साखर होती तिथेच होती. हे जीवनसत्त्व मेदात साठते, त्यामुळे पुडी बंद केल्यावरही शरीरातून लवकर जात नाही.

पुढील पुरवणीत या विषयावर लिहिताना आधी रक्ततपासणी करावी, आणि पुडी किती दिवसांनी व किती आठवडे घ्यायची हे डॉक्टरांना विचारावे, एवढ्या दोन ओळी छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा