लहान पुरवठादारांची बिले: वेंगुर्ल्याहून मुलास पत्र

वेंगुर्ले, जिल्हा सिंधुदुर्ग

चि. सौरभ यास अनेक आशीर्वाद.

कंपनीच्या लेखा विभागात पुरवठादारांची बिले तपासण्याच्या कामावर तुझी नेमणूक झाल्याचे वाचून आम्हां सर्वांना आनंद झाला. त्याच पत्रात तू विचारले आहेस की, देशाच्या अर्थव्यवस्थेत आणि रोजगारनिर्मितीत आपल्यासारख्या लहान उद्योगांचा वाटा खरोखर किती, आणि तो वाढत का नाही. तुझी नोकरी आणि हा प्रश्न या दोन गोष्टी तू वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिल्या असल्या तरी माझ्या दृष्टीने त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, कारण लहान उद्योगाने आणखी चार माणसे कामावर ठेवावीत की नाही याचा निर्णय पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या कार्यालयात होतच नाही. तो तू आता ज्या टेबलाशी बसला आहेस तशा टेबलावर होतो. हे मी सविस्तर लिहिते.

आपल्या काजूच्या युनिटचे काम तू लहानपणापासून पाहिले आहेस, परंतु त्यातील पैशाचा प्रवास तुझ्यासमोर कधी मांडला गेला नाही. काजू बी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत बाजारात येते. शेतकरी बी आणतो तेव्हा त्याला रोख पैसे हवे असतात आणि ते रास्तही आहे, कारण वर्षभराचे त्याचे उत्पन्न त्या दोन-तीन महिन्यांतच होते. पाऊस सुरू होण्यापूर्वी बी उन्हात चांगली वाळवून गोदामात भरावी लागते. त्यानंतर मिळाली तरी ती ओलसर असते आणि गर काळा पडतो. म्हणजे दिवाळीपर्यंत, किंबहुना त्याहीपुढे जे काम चालायचे, त्याचा सगळा कच्चा माल आपण उन्हाळ्यातच विकत घेऊन ठेवतो. सुमारे चार किलो बी फोडली म्हणजे एक किलो गर हाती येतो. बी वाफेवर शिजवणे, यंत्रावर कापणे, गर बोरम्यात, म्हणजे गर वाळवण्याच्या भट्टीत, सुकवणे, वरची तांबूस साल काढणे आणि शेवटी अख्खा, पाकळी, तुकडा अशी प्रतवारी करणे, या प्रत्येक टप्प्यावर माणसांचे हात लागतात आणि आपल्याकडे ते बहुतेक बायकांचे आहेत. हंगामात तीसेक जणी येतात. त्यांतील अनेकींना घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर दुसरे कोणतेही बारमाही काम नाही. घरची शेती, म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले सांभाळून कुडाळपर्यंतसुद्धा रोज जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी मुंबई-पुण्यातील नोकऱ्यांची संख्या वाढली काय आणि घटली काय, काहीही फरक पडत नाही.

आता पैसे परत येण्याची बाजू पाहा. बँकेकडून घेतलेल्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलता येणाऱ्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, उन्हाळ्यापासून व्याज सुरू झालेले असते. मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते. भविष्य निर्वाह निधीची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावीच लागते. बिल केले की जीएसटीची जबाबदारीही आपल्यावर येते आणि तो पुढील महिन्यात सरकारजमा करावा लागतो, मग खरेदीदाराने आपल्याला एक रुपयाही दिलेला नसला तरी. म्हणजे मोठ्या कंपनीला माल विकणारा लहान उत्पादक तिला उधारीवर माल देतो, त्या मालावरील कर स्वतःच्या खिशातून भरतो आणि त्या उधारीचे व्याजही स्वतःच बँकेला देतो.

मागे एका मोठ्या खरेदीदाराने दिवाळीसाठी नेलेल्या मालाचे पैसे होळी उलटून गेल्यावर दिले. पैसे बुडाले नाहीत, हिशेबात तोटाही दिसला नाही, म्हणून बाहेरच्या माणसाला ती घटना क्षुल्लक वाटेल. परंतु होळीच्या सुमारास नवी बी बाजारात आलेली असते आणि त्या वेळी आमच्या हातात रोख रक्कम नव्हती. बँकेची मर्यादा आधीच वापरून झालेली होती. गावातील बी आमच्या डोळ्यांसमोर व्यापाऱ्यांच्या टेम्पोतून बाहेर गेली, गोदाम अर्धेच भरले, आणि परिणामी त्या वर्षीचे काम गणपतीनंतर लवकरच संपले. ज्या बायकांना पुढचे तीन-चार महिने मजुरी मिळाली असती, त्यांना ती मिळाली नाही. ही बेरोजगारी कोणत्याही अहवालात नोंदली गेली नाही, कारण कोणाला कामावरून काढलेलेच नव्हते. काम नव्हते एवढेच. कोकणातील जवळजवळ प्रत्येक धंद्याचे असेच आहे. पेणचे मूर्तिकार वर्षभर माती, रंग आणि मजुरीवर खर्च करतात आणि त्यांची वसुली गणेशोत्सवाच्या आसपासच्या थोड्या आठवड्यांत होते. आंबेवाल्याची सगळी उलाढाल एप्रिल-मेमध्ये उरकते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असल्याने बंदरावरील बर्फवाला, जाळी विणणारा आणि इंजिन दुरुस्त करणारा या सर्वांचे उत्पन्नही थांबते. जिथे हंगाम एकच असतो, तिथे दोन महिन्यांचा उशीर पुढचे पूर्ण वर्ष खाऊन टाकतो.

आता देशाचा विचार करू. केंद्रीय सांख्यिकी खात्याच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ च्या ७३व्या फेरीत बिगरशेती, कंपनी म्हणून नोंद नसलेले ६.३४ कोटी उद्योग आणि त्यांत काम करणारे ११.१० कोटी लोक मोजले गेले. याच क्षेत्राच्या २०२३-२४ च्या वार्षिक पाहणीत हे आकडे ७.३४ कोटी आणि १२.०६ कोटी असे आले. देशाच्या एकूण उत्पादनात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा वाटा साधारण ३० टक्के आणि निर्यातीत सुमारे ४५ टक्के सांगितला जातो. भाषणांतून नेहमी हेच आकडे येतात आणि ते अभिमानास्पद आहेतच. मात्र तू लेखा विभागातला आहेस, तेव्हा भागाकार करून पाहा. दोन्ही वेळा एका उद्योगामागे दोन माणसेही येत नाहीत. याचा अर्थ असा की बहुसंख्य उद्योग म्हणजे स्वतः मालक आणि फार तर घरातील एक माणूस. त्यांनी स्वतःचे पोट भरले, ही मोठी गोष्ट आहे. परंतु दुसऱ्याला रोजगार देण्याइतके ते वाढले नाहीत. दोनाचे पाच आणि पाचाचे पंधरा होण्याच्या वाटेवर ते कोठेतरी अडतात, आणि माझ्या मते रोजगाराच्या प्रश्नाचे मर्म या अडण्यात आहे.

ते का अडतात याची कारणे पुष्कळ सांगितली जातात. कर्ज मिळत नाही, हे त्यांतील सर्वांत आवडते कारण. पूर्वी ते निश्चितच खरे होते. आज लहान उद्योगांना कर्ज देणारी मुद्रा योजना २०१५ पासून आहे, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम त्याच्याही आधीपासून आहे, आणि २०२० साली आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. आपल्या तालुक्यात या अनुदानांतून यंत्रे आली, हे चांगलेच झाले. परंतु यंत्र घेण्यासाठी पैसे मिळाले आणि ते चालवण्यासाठी लागणारे पैसे खरेदीदाराच्या खात्यात अडकून पडले, तर ते यंत्र ताडपत्रीखाली झाकून ठेवावे लागते. अशी झाकलेली यंत्रे मी आजूबाजूच्या गावांत पाहिली आहेत, आणि त्यांच्या मालकांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

तुझ्या आजोबांच्या पिढीने याची दुसरी बाजू पाहिली. तेव्हा सगळे कोकण मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत असे आणि घरटी एक तरी चाकरमानी गिरणीत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील बहुतेकांच्या नोकऱ्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. आजोबा गावी परतले तेव्हा इथे त्यांना देण्यासारखे काम कोणाकडेच नव्हते. पुढे १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेली काजूची कलमे वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनींवर लागली, आणि त्या झाडांच्या आधारावर गावोगाव लहान प्रक्रिया युनिटे उभी राहिली. एका मोठ्या उद्योगावर संपूर्ण प्रदेशाने विसंबून राहणे किती धोक्याचे असते हे आपल्या घराने भोगलेले आहे, म्हणून विखुरलेल्या लहान उद्योगांविषयी मला इतकी आस्था वाटते.

लहान आहे म्हणून उद्योग आपोआप चांगला ठरतो, असे मात्र माझे म्हणणे नाही. अनेक ठिकाणी मजुरी तुटपुंजी असते, भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस कामगारांपासून लागू होतो म्हणून हजेरीपटावर एकोणिसावर नावे थांबवली जातात, काजू कापणाऱ्या बायकांचे हात टरफलातील तेलाने भाजतात आणि त्यांना हातमोजेसुद्धा दिले जात नाहीत. हे चुकीचे आहे आणि त्याला गरिबीची सबब पुरेशी नाही. पण ज्या मालकाला स्वतःचे पैसे केव्हा मिळतील याची खात्री नाही, तो कायम कामगार ठेवण्यास कचरतो, हेही तितकेच खरे आहे. पैशाची तारीख निश्चित झाली तर कामगारांच्या हक्कांबाबत त्याला जाब विचारणेही सोपे होईल.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे आणि तुला तो आमच्यापेक्षा अधिक नीट समजेल. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावे लागतात, आणि करारात काहीही लिहिले असले तरी ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच आहे. उशीर झाल्यास कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ बी मध्ये ‘एच’ हा खंड घातला आणि १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला आपल्या करपात्र उत्पन्नातून प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळू लागली.

एवढे असूनही नव्वद दिवसांच्या अटी छापलेल्या खरेदी आदेशांवर आम्ही सह्या करतो. दाद मागण्यासाठी अशा थकबाकीचे वाद ऐकणारी सरकारी सुविधा परिषद आहे, तक्रार करण्यासाठी संकेतस्थळ आहे. पण स्वतःच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करून पुढची ऑर्डर गमावण्याची तयारी किती जणांची असेल? व्याजाची मागणी करणे तर दूरच, आठवण करून देणारा दुसरा फोन करतानाही आम्ही शब्द जपून वापरतो. म्हणूनच हा कायदा बाहेरून पुरता अमलात येणार नाही. आत बसलेल्या माणसांनी तो पाळला तरच तो चालेल.

तेव्हा माझी तुझ्याकडून अपेक्षा अशी आहे. तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पुरवठादाराचा उद्यम क्रमांक, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, नोंदीत आहे का, आणि तो उत्पादन किंवा सेवा देणारा सूक्ष्म वा लघु उद्योग आहे का, हे पहिल्यांदा तपास. नसल्यास तो त्याच्याकडून मागून घे, कारण अनेकांना तो बिलावर छापायचा असतो हेच ठाऊक नसते. मालात काही उणीव असेल तर पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवले जाईल याकडे लक्ष दे. बिल देय झाल्यावर काढलेली त्रुटी बहुधा पैसे लांबवण्यासाठी असते आणि हे पुरवठादारालाही कळते. तुमची कंपनी ट्रेड्स प्रणालीवर, म्हणजे खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलांवर बँका आगाऊ पैसे देतात त्या ऑनलाइन व्यवस्थेवर, असेल तर लहानांची बिले तेथे वेळेवर मान्य कर, म्हणजे त्यांना बँकेकडून पैसे लवकर मिळतील. वरिष्ठांशी बोलताना दयेची भाषा वापरू नकोस. व्याजाची जबाबदारी, वजावटीतील नुकसान आणि ताळेबंदात दाखवावी लागणारी थकबाकी हे मुद्दे आकड्यांसह मांड. नवीन माणसाचे कोणी लगेच ऐकणार नाही, हे मी जाणते. तरी जेवढी बिले तुझ्या हातातून जातील तेवढ्यांपुरता तरी उशीर होऊ देऊ नकोस.

एक गोष्ट मला उलट टपाली कळव. तुमच्याकडे माल स्वीकारल्याची तारीख गोदामातील माणूस नोंदवतो की बिल लेखा विभागात पोहोचते त्या दिवसाची धरली जाते? आमच्या उत्पादकांच्या बैठकीत यावर नेहमी वाद होतो, कारण ४५ दिवस नेमके कोठून मोजायचे हे त्यावर ठरते, आणि पुढच्या बैठकीपूर्वी मला आतल्या माणसाचे उत्तर हवे आहे.

तुझी,
आई