खातिबची ओळख करून दिल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा जुना नंबर लागत नाही, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं घरही तुम्ही कधीच सोडलंत असं कळलं. म्हणून हे उघडं पत्र. तिकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत नक्की पोचवतील.

२००३ चा मे महिना. मी बेंचवर होतो, म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी होती पण हाती प्रोजेक्ट नव्हतं. न्यूयॉर्कच्या पलीकडे जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरच्या गेस्ट हाउसमध्ये आम्ही सगळे प्रोजेक्टच्या फोनची वाट बघत पडलेलो. बाहेर पडायचं तर कुठे आणि कशाला? त्यात अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचा तो काळ असा की जर्सीहून न्यूयॉर्कला जाणारी पाथ गाडी अजून वर्ल्ड ट्रेड सेंटरला जात नव्हती आणि आमच्या वर्णाच्या माणसाने वही घेऊन रस्त्यात रेंगाळणं बरं दिसत नव्हतं. तेव्हा तुम्ही फोन करून म्हणालात, "मॅनहटनमध्ये लोअर ईस्ट साइडला एक उत्सव आहे. फुकट आहे. नुसतं चालायचं. ये."

त्या वर्षी पहिल्यांदाच भरलेला तो साय-जिओ-कॉन्फ्लक्स. पुढे नुसतं कॉन्फ्लक्स झालं. सायकोजिओग्राफी म्हणजे काय, हे तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत: शहराचा माणसाच्या मनावर आणि वागण्यावर काय परिणाम होतो ते बघायचं, १९५५ साली पॅरिसच्या गी दबोर या लेखकाने त्यावर लिहिलंय, बाकीचं पायांना कळेल. मग हातात एक चिठ्ठी दिलीत. पहिला रस्ता डावीकडे, दुसरा उजवीकडे, दुसरा डावीकडे, पुन्हा पहिल्यापासून. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या एका गटाने चालण्यासाठी असे 'प्रोग्राम' लिहिले होते.

प्रोग्रामरला एवढं पुरे होतं. मी तिथेच हिशोब मांडला. एका फेरीत दोन डावी वळणं, एक उजवं, म्हणजे उरलं एक डावं. रस्ते आखीव चौकटीतले असतील तर चार फेऱ्यांत, बाराव्या वळणानंतर, माणूस निघाल्या जागी परत! तुम्ही हसलात आणि म्हणालात, "चाल तर खरं." मॅनहटनची ती प्रसिद्ध चौकट १८११ च्या आराखड्यातली, हाउस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेचे रस्ते त्याच्याही आधीचे. तिथला ईस्ट ब्रॉडवे तिरका पळतो, डिलॅन्सी स्ट्रीट पुढे थेट विल्यम्सबर्ग पुलावर चढतो. त्यामुळे आपण भलतीकडेच निघालो आणि सूअर्ड पार्कपाशी आलो. समोर फॉरवर्ड या यिद्दिश वृत्तपत्राची दहा मजली जुनी इमारत, दाराच्या वर मार्क्स-एंगल्सचे मुखवटे कोरलेले, आणि आसपास चिनी पाट्या. कामासाठी न्यूयॉर्कला गेलो असतो तर या वाटेला फिरकलोही नसतो.

पण आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या गोष्टीचे.

एका इमारतीबाहेर मी वळणं टिपत होतो, तेव्हा रखवालदाराने हटकलं. काय लिहितोयस, कुणासाठी? माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही मागून येऊन शेजारी उभ्या राहिलात, उत्सवाचा छापील कागद त्याच्यापुढे धरलात आणि त्याची शंका फिटेपर्यंत जागच्या हलला नाहीत. नंतर चहा पिताना 'एवढं काय घाबरायचं' असं चुकूनही म्हणाला नाहीत. तुम्ही अब्देलहाफिद खातिबची गोष्ट सांगितलीत.

खातिब अल्जीरियाचा, दबोरच्याच सिच्युएशनिस्ट या बंडखोर कलावंत-विचारवंतांच्या गटातला. १९५८ मध्ये तो पॅरिसच्या ले आल बाजाराचा असाच चालत अभ्यास करत होता. त्याच सुमारास पोलिसांनी उत्तर आफ्रिकी लोकांना रात्री साडेनऊनंतर रस्त्यावर फिरायला बंदी केली. खातिबला दोनदा पकडलं आणि अभ्यास अर्धवट राहिला. गटाच्या नियतकालिकाने तो तसाच छापला, का अपुरा राहिला ते सांगून.

भटकंतीवर लिहिणारी मंडळी दबोरचा दाखला हमखास देतात. खातिबचं नाव क्वचितच येतं. मला तर वाटतं सुरुवात त्याच्यापासूनच करावी. आपल्याला कुणी अडवणार नाही हे गृहीत धरूनच वाट्टेल तसं भटकता येतं, आणि ते सगळ्यांना धरता येत नाही. ते अडवणंसुद्धा नकाशात टिपायचं असतं, हे मला तुमच्यामुळे कळलं. वहीत त्या इमारतीपाशी मी फुली मारली आणि पुढचं वळण घेतलं.

नंतर प्रोजेक्ट मिळालं, गावं बदलली. बेंचवरची नवी पोरं भेटली की मी त्यांना तीच चिठ्ठी देतो. सोबत जोडीदार घ्या, एकटे जाऊ नका, एवढंच माझ्या पदरचं घालतो. मुलीबाळी असल्या तर वेळ त्यांनाच ठरवू देतो. प्रत्येकीचं साडेनऊ वेगळं असतं.

एक भांडण मात्र बाकी आहे. रिव्हिंग्टन स्ट्रीटवरून फ्रीमन ॲली आत जाते आणि तिथेच संपते. ती 'पहिला रस्ता' म्हणून मोजायची की नाही? तुम्ही म्हणालात, बोळ आहे, सोड. माझ्या मते मोजायची, शेवटपर्यंत जायचं आणि भिंतीला हात लावून मागे फिरायचं. पत्र मिळालं तर कळवा. मी येतो न्यूयॉर्कला, त्या बोळाच्या तोंडाशी उभं राहून भांडू.

तुमचा,
जर्नल स्क्वेअरचा बेंचवाला