चरबीचे नुसते ग्रॅम मोजून काय कळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्निग्ध पदार्थांवरचा लेख वाचला. कुठलीही चरबी खा, ग्रॅममागे 9 कॅलरी अंगाला लागणारच, असं ठामपणे छापण्याआधी तो मजकूर एखाद्या जाणकाराच्या नजरेखालून घालायला हवा होता. त्याहून जास्त राग आला तो बाजूच्या चौकटीचा. पावडरच्या दुधावरच्या बाळांना शी घट्ट होते, याचं सगळं खापर दूध कालवणाऱ्या आईवर फोडून लेखक मोकळे झाले आहेत.

हे आमच्या घरात घडलेलं आहे. सुनेला बाळंतपणानंतर लगेच मोठं आजारपण आलं आणि नातवाला डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्यातलं दूध सुरू करावं लागलं. लेकरू कुंथून कुंथून लालबुंद व्हायचं आणि शी व्हायची ती बकरीच्या लेंड्यांसारखी. भेटायला येणारी प्रत्येक बाई सुनेला विचारायची, पाणी उकळून घेतेस ना, चमचा सपाट भरतेस ना? एका नातेवाईक बाईंनी तर पावडर कमी घालून दूध पातळ करायला सांगितलं. बाळाचं पोषण तोडणारा हा घातक सल्ला आहे. सून प्रत्येक वेळी चमच्यावर सुरी फिरवून पावडर सपाट करायची, हे मी स्वतः बघत होते. तरी ती रडायची, आपलंच काही चुकतंय म्हणून.

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून डबा उलटा करून घटक वाचले. तेलांमध्ये पहिलं नाव पामोलिन, म्हणजे पाम तेलाचाच पातळ भाग. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर तेल शुद्ध वनस्पतिजन्य आहे, काळजी नसावी, एवढंच उत्तर मिळालं. मी शुद्धतेबद्दल विचारलंच नव्हतं.

स्निग्ध पदार्थाच्या रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला तीन फॅटी अॅसिडं जोडलेली असतात. स्वादुपिंडातलं लायपेज हे पाचक एन्झाइम कडेची दोन तोडतं. मधलं कण्यालाच चिकटून राहतं आणि तसंच आतड्यात सहज शोषलं जातं. आईच्या दुधातल्या फॅटी अॅसिडांपैकी सुमारे पाव हिस्सा पामिटिक अॅसिड असतं आणि त्यातलं 60 ते 70 टक्के या मधल्या जागी बसलेलं असतं. पाम तेलात पामिटिक भरपूर, पण बहुतेक सगळं कडेला. म्हणजे पचनात ते सुटं होतं. त्याचा वितळणबिंदू साधारण 63 अंश, त्यामुळे शरीराच्या उष्णतेला ते घनच राहू पाहतं. त्यात दुधातलं कॅल्शियम भेटलं की त्याचा साबण होतो, पाण्यात न विरघळणारा. बोअरच्या जड पाण्यात कपडे धुतले की बादलीच्या कडेला जो पांढरा चिकट थर बसतो ना, तोच प्रकार. चरबीही वाया, कॅल्शियमही वाया आणि शी घट्ट. बाटलीच्या दुधावरच्या बाळांची शी जितकी घट्ट, तितकं तिच्यात कॅल्शियम साबणाचं प्रमाण जास्त, हे 1995 साली अभ्यासातून प्रसिद्ध झालेलं आहे. आईच्या दुधात कॅल्शियम गाईच्या दुधाच्या जेमतेम पाव, 100 मिलिलीटरला 30 मिलिग्रॅमच्या आसपास, पण ते बाळाच्या अंगी लागतं.

यावर उपायही निघालेला आहे. एन्झाइम वापरून पामिटिक मधल्या जागी आणलेली तेलं बनतात, ती घातलेल्या पावडरी काही देशांत कित्येक वर्षं विकल्या जात आहेत. पामोलिन नसलेल्या पावडरीही असतात. आम्ही डॉक्टरांना विचारून तशी पावडर आणली आणि नातवाचा त्रास कमी झाला. प्रत्येक बाळाच्या बद्धकोष्ठाचं कारण हेच असेल, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण हे कारण चौकटीत एका ओळीनेही येऊ नये?

मोठ्यांच्या बाबतीतही नुसत्या ग्रॅमचा हिशेब अपुराच. चीज आणि लोणी यांतून सारखीच चरबी घेतली, तरी चीजने रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल लोण्याइतकं वाढत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्यामागे कॅल्शियमचा वाटा असावा, असं अभ्यासक मानतात. दुग्धजन्य पदार्थांतून रोज सव्वा ग्रॅम जादा कॅल्शियम घेतलं, तर विष्ठेतून सुमारे 5 ग्रॅम चरबी जास्त बाहेर पडते. म्हणजे 45 कॅलरी. एवढ्यासाठी कुणी कॅल्शियमच्या गोळ्या खात सुटू नये.

1992 च्या कायद्याने डब्यावर आईचं दूध सर्वोत्तम असल्याची सूचना छापावी लागते. अगदी योग्य आहे. पण ज्या आईला नाइलाजाने डबा घ्यावा लागतो, तिला पामिटिक कुठल्या जागी आहे हे त्या डब्यावरून कळण्याची सोय नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ही माहिती सक्तीची करावी आणि आपल्या पत्राने त्याचा पाठपुरावा करावा. तोवर त्या चौकटीची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच आकारात छापावी ही विनंती.

जाता जाता आणखी एक. पुरवणीत फिक्या पिवळ्या रंगावर पांढरी अक्षरं छापणं कृपया बंद करा. औषधांच्या मात्रांचा तक्ता काल मला भिंगानेही वाचता आला नाही, आणि मात्रा चुकीची वाचली गेली तर जबाबदार कोण?

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली