गोगलगायी खाल्ल्या, आता बोल!

प्रिय ढापण्या,

व्हॉइस नोट पाठवणार होतो पण पाच मिनिटांची झाली असती आणि तू ती ऐकलीच नसतीस, म्हणून लिहितोय. काल मी गोगलगायी खाल्ल्या. हो, मीच, मासा डोक्यासकट समोर आला की ताट फिरवून ठेवणारा.

मोरोक्कोतल्या माराकेशचा जमा अल-फना चौक. दुपारी गेलो तेव्हा गारुडी, संत्र्याच्या रसाच्या गाड्या आणि टाळू तापवणारं ऊन, बाकी मैदान मोकळंच, म्हटलं यासाठी आलो का एवढ्या लांब? संध्याकाळी परत गेलो तर तिथे अख्खं खाऊगाव उभं राहिलेलं रे! टेबलं, बाकडी, बल्ब, शेगड्या, सगळं रोज मांडतात आणि रात्री उशिरा गुंडाळून नेतात.

स्टॉलना नंबर असतात आणि प्रत्येक नंबरचा एक पोरगा मेन्यू घेऊन अंगावर येतो. एकजण "शाहरुख खान! शाहरुख खान!" करत मागे लागला, मी शाहरुख नाही हे त्यालाही दिसत होतं, तरी मी फुशारून बसलो. न मागता ब्रेड आणि ऑलिव्ह आले, मला वाटलं पाहुणचार, शेवटी ते बिलात निघाले. भांडायला भाषा कुठंय.

वैतागून उठलो आणि कडेच्या गोगलगायींच्या गाड्यांपाशी पोचलो. इथे कोणी हाका मारत नव्हतं. मोठ्या पातेल्यातून वाडगा भरून देतात, सोबत टूथपिक. शेजारच्या आजीबाईंनी माझी झटापट बघून न बोलता एक ओढून दाखवली. मऊ रबरासारखी लागते, खरं सांगतो, पण तो रस्सा! ज्येष्ठमध, बडीशेपेसारखा वास, थाइम, अजून काय काय. तिकडे सर्दीला आणि पचनाला चांगला म्हणून पितात. मी दोन वाडगे प्यायलो.

मग एका गोष्ट सांगणाऱ्याभोवतीच्या घोळक्यात घुसलो. ह्या घोळक्याला तिकडे 'हल्का' म्हणतात. दारिजातलं, म्हणजे तिथल्या बोली अरबीतलं, ओ की ठो कळलं नाही पण सगळे हसले की मीही हसत होतो. 2001 मध्ये युनेस्कोने ह्या चौकाला मान दिला तो इमारतींसाठी नाही, ह्याच असल्या माणसांसाठी, आणि त्यामागे तिथेच राहणारा स्पॅनिश लेखक हुआन गोयतिसोलो हात धुऊन लागला होता.

तांजिया राहिलीच. मातीच्या मडक्यातलं मटण हमामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, भट्टीच्या राखेत तासन्‌तास शिजवतात. उद्या दुपारी ती खायची आणि मग फेस शहराची ट्रेन.

पोट अजून तरी शाबूत आहे. आईला गोगलगायींचं बोलू नकोस.

तुझाच,
शाहरुख